चौरस फुटांकडून मेगावॉटकडे : एका जागामालक कंपनीची वाढ



आपल्याकडे हातात चार पैसे उरले की माणूस जागेचा विचार करतो. जागा कुठं पळून जात नाही आणि भाडं दरमहा येतं, हा हिशेब आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पाठ केला आहे. ज्या कंपनीविषयी आज बोलायचं आहे, तिनं हाच हिशेब संगणकांसाठी मांडला. कंपनीचं नाव डिजिटल रिअल्टी. वीस वर्षांत तिची डेटा सेंटर तीनशेवर गेली, पंचवीसहून अधिक देशांत पसरली. ती कशी वाढली हे पाहणं आपल्या कामाचं आहे, कारण हा धंदा आता मुंबई-ठाण्याच्या वेशीत शिरला आहे.

सुरुवात झाली ती मंदीत. २००० साली अमेरिकेत डॉटकॉम कंपन्यांचा बाजार कोसळला. इंटरनेट आणि दूरसंचार कंपन्यांनी हौसेनं बांधलेल्या इमारती ओस पडल्या. अशा वेळी ‘जीआय पार्टनर्स’ या गुंतवणूक संस्थेनं पडत्या भावात त्या विकत घ्यायला सुरुवात केली. त्यासाठीचा पैसा मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचा होता. २००४ च्या अखेरीस या इमारती एका कंपनीत घालून ती न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आणली. पहिल्या विक्रीचा भाव होता शेअरला १२ डॉलर.

या कंपनीची नजर कशावर होती, हे शिकागोतल्या एका इमारतीवरून कळतं. पत्ता, ३५० ईस्ट सरमॅक रोड. हा मूळचा आर. आर. डॉनेली कंपनीचा छापखाना. १९१२ ते १९२९ या काळात तो टप्प्याटप्प्यानं बांधला गेला. सिअर्स या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग इथं छापला जायचा. १९९३ मध्ये सिअर्सनं तो बंद केला आणि छापखान्याचंही काम संपलं. पण छपाईची अजस्र यंत्रं पेलण्यासाठी घातलेल्या भक्कम जमिनी, उंच मजले आणि वरपासून खालपर्यंत गेलेले रुंद उभे मार्ग तसेच होते. सर्व्हरच्या रांगा, बॅटऱ्या आणि जाडजूड वीजवाहिन्या यांना नेमकं हेच लागतं. शेजारून रेल्वे जाते आणि अमेरिकेत ऑप्टिकल फायबर बऱ्याच ठिकाणी रुळांच्या कडेनंच टाकलेलं आहे. २००५ मध्ये डिजिटल रिअल्टीनं अकरा लाख चौरस फुटांची ही वास्तू सुमारे १४ कोटी डॉलरला घेतली. पुढं शिकागोच्या वीज कंपनीच्या मोठ्या ग्राहकांत ओ’हेअर विमानतळाखालोखाल या एका इमारतीचं नाव घेतलं जाऊ लागलं.

इथं धंद्याचं मर्म दिसतं. ऑफिस भाड्यानं देताना मालक चौरस फुटांचा दर सांगतो. डेटा सेंटरचा मालक दर सांगतो तो किलोवॉटचा, महिन्याचा. भाडेकरूला पाहिजे असते ती न थांबणारी वीज, ती गेलीच तर क्षणात भार उचलणाऱ्या बॅटऱ्या, पाठोपाठ सुरू होणारे डिझेल जनरेटर आणि चोवीस तास चालणारं शीतकरण. भिंती आणि छप्पर या मांडणीत दुय्यम ठरतात.

दुसरं मोल शेजाराचं. वाशीच्या मार्केटमधल्या गाळ्याला किंमत येते ती घेणारे आणि विकणारे एकाच आवारात असल्यामुळे. डेटा सेंटरमध्ये ‘मीट-मी रूम’ नावाची एक खोली असते. बँक, दूरसंचार कंपनी, क्लाउड कंपनी यांच्या तारा तिथं एकमेकींना जोडल्या जातात. ही जोडणी म्हणजे काही मीटर फायबर, पण तिचं भाडं दरमहा वेगळं आकारलं जातं. एकदा दहा ठिकाणी जोडला गेलेला ग्राहक सहसा जागा सोडत नाही. डिजिटल रिअल्टी आधी मोठ्या भाडेकरूंना घाऊक जागा देत असे. २०१५ मध्ये तिनं जवळपास १९० कोटी डॉलर देऊन ‘टेलएक्स’ घेतली, ती या जोडणीच्या धंद्यासाठी. २०१७ मध्ये ‘ड्यूपॉन्ट फॅब्रोस’ घेतली आणि व्हर्जिनियातल्या ॲशबर्नमध्ये क्लाउड कंपन्यांचे अवाढव्य भाडेकरार हाती आले. २०२० मध्ये ‘इंटरएक्सिऑन’ घेऊन तिनं युरोपात मोठा विस्तार केला. मधल्या काळात, २०१६ मध्ये, ती एस अँड पी ५०० निर्देशांकातही आली.

एवढा पैसा आला कुठून? या प्रश्नाशी आपण जरा थांबू. ही कंपनी ‘रीट’, म्हणजे स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, आहे. अमेरिकेत १९६० च्या कायद्यानं ही रचना आणली. सामान्य माणसाला मोठ्या मिळकतीतला छोटा हिस्सा घेता यावा, हा तिचा हेतू. करपात्र उत्पन्नाचे किमान ९० टक्के भागधारकांना वाटायचे, त्या बदल्यात वाटलेल्या रकमेवर कंपनीला आयकर नाही. भागधारकाच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. पण नफा साठवून त्यातून मोठं होण्याची वाट इथं जवळजवळ बंद होते. एका मेगावॉट क्षमतेचं केंद्र उभारायला अमेरिकेत साधारण एक कोटी डॉलर लागतात. ते आणायचे तर नवे शेअर काढा, कर्ज घ्या किंवा भागीदार शोधा. म्हणजे वाढायचं असेल तर पुन्हा पुन्हा बाजाराच्या दारात जावं लागतं. बाजार प्रसन्न असेपर्यंत ही गाडी सुसाट धावते.

२०२२ मध्ये व्याजदर चढले आणि तिला खीळ बसली. त्या वर्षात शेअरचा भाव चाळीस टक्क्यांहून अधिक उतरला. जिम चॅनोस या नावाजलेल्या गुंतवणूकदारानं डेटा सेंटरच्या रीटविरुद्ध उघडपणे पैसा लावला. त्याचा मुद्दा असा की, या कंपन्यांचे सर्वांत मोठे भाडेकरू, म्हणजे ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, स्वतःच केंद्रं बांधतात. तेव्हा आजचे ग्राहक हेच उद्याचे स्पर्धक. दरवर्षी वाढणारा लाभांश तिमाहीला १.२२ डॉलरवर थांबला आणि पुढची तीन वर्षं तिथंच राहिला. कंपनीनं काही मालमत्ता विकल्या. २०२३ च्या अखेरीस ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला ८० टक्के हिस्सा देऊन ७०० कोटी डॉलरची संयुक्त योजना आखली. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली, जागांची मागणी पुन्हा वाढली. पण वाढ उसन्या पैशावर उभी असते, हे २०२२ नं दाखवलं ते दाखवलंच.

आता अडचण पैशापेक्षा विजेची आहे. ॲशबर्न परिसरात २०२२ मध्ये वीज कंपनीनं सांगितलं की नव्या जोडण्यांना विलंब होईल, पारेषण वाहिन्या अपुऱ्या आहेत. आयर्लंडमध्ये २०२३ साली मीटरवर नोंदलेल्या विजेपैकी २१ टक्के एकट्या डेटा सेंटरांनी वापरली. देशातल्या शहरी घरांनी मिळून वापरली त्याहून ही अधिक. डब्लिन परिसरात नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या.

आणि आता आपलं घर. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला की पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, बँका मुंबईत आहेत. त्यामुळे देशातली निम्म्याच्या आसपास डेटा सेंटर क्षमता मुंबई महानगरात एकवटली. ऐरोली, रबाळे, महापे इथं एकेकाळी रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते, तिथं आज खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. डिजिटल रिअल्टीही ब्रुकफील्ड ही गुंतवणूक कंपनी आणि जिओ यांच्याबरोबर समान भागीदारीत भारतात आली. २०२४ च्या सुरुवातीला तिचं पहिलं केंद्र चेन्नईत सुरू झालं. मुंबईतही ४० मेगावॉटच्या केंद्रासाठी या भागीदारीनं जमीन घेतली. ऐरोलीतल्या अशाच काही इमारती माइंडस्पेस या आपल्याकडच्या रीटच्या आहेत. म्हणजे मध्यमवर्गीय बचतीचा पैसा या धंद्यात गेलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही कंपनी कायद्यानं जागामालक असली, तरी तिचा धंदा वीज आणि भांडवल यांचा आहे. तिला जागेच्या मापानं मोजाल तर फसाल. यात पैसे घालणाऱ्यानं लाभांशाचा आकडा पाहण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात : मंजूर वीज किती मेगावॉट, मोठ्या तीन भाडेकरूंचा उत्पन्नातला वाटा किती, त्यांचे करार कधी संपतात आणि कर्ज कोणत्या वर्षी, किती व्याजानं फिरवावं लागणार आहे.

नागरिक म्हणूनही आपल्याला विचारायचं आहे. अशा केंद्रात प्रत्यक्ष नोकऱ्या मोजक्याच असतात, वीज मात्र एखाद्या गावाइतकी लागते. मग नव्या उपकेंद्राचा आणि वाहिनीचा खर्च केंद्रावर पडणार की आपल्या बिलावर? शीतकरणाला पिण्याचं पाणी जाणार की प्रक्रिया केलेलं सांडपाणी? नवी मुंबई महापालिकेनं ऐरोली आणि कोपरखैरणे इथं सांडपाणी उद्योगांच्या वापरायोग्य करण्याची सोय केली आहे. तेव्हा दुसरा पर्याय अशक्य आहे असं कोणी सांगू नये.

मी या उद्योगाच्या विरोधात नाही. आपले पैसे, दाखले, रेल्वेची तिकिटं, दवाखान्यातले अहवाल याच इमारतींत आहेत आणि त्या आपल्या राज्यात असणं हिताचंच आहे. पण वीजदराची सार्वजनिक सुनावणी जाहीर होते, तेव्हा सभागृह रिकामं असतं. पुढच्या सुनावणीला आपल्यापैकी निदान काही जणांनी जावं आणि हे दोन प्रश्न लेखी द्यावेत, एवढीच विनंती करतो.