रामाकोना आणि छिंदवाड्याचे संग्रहालय



आम्ही विद्वान नाही, सरकारी फाइली चाळणारी माणसे. तरी मंडळाने उभे केले आहे, तेव्हा घरचेच बोलतो.

छिंदवाड्याचे आदिवासी संग्रहालय आपण बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले. १९५४ साली सुरू झालेले. गोंडांची घरे, पाताळकोटचे भारिया, दागिने, धनुष्यबाण, ढोल. सगळे देखणे. पण त्यात इंग्रज कुठे भेटल्याचे आम्हाला आठवत नाही. जणू ही माणसे सदा नाचत-गातच होती आणि १९२७ चा जंगल कायदा त्यांच्यावर आलाच नाही! गंमत म्हणजे ही मांडणी इंग्रजांचीच. नागपूरचा अजब बंगला १८६३ चा. ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांच्या वस्तू कपाटात ठेवायच्या, राज्य कसे केले ते सांगायचे नाही. साहेब गेला, कपाट राहिले.

१९९७ मध्ये या संग्रहालयाला बादल भोईंचे नाव मिळाले. हे परासिया भागातले. १९२३ साली हजारो आदिवासींना घेऊन ते कलेक्टरच्या बंगल्यावर गेले, तिथे लाठ्या चालल्या. पुढे २१ ऑगस्ट १९३० ला जंगल कायदा मोडला म्हणून त्यांना पकडले. कुठे? आपल्या रामाकोन्यात! सौंसरहून छिंदवाड्याला जाताना आपण तिथून किती वेळा गेलो असू. तिथून त्यांना चांद्याच्या तुरुंगात नेले. १९४० साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. विष दिले असे सांगतात.

१५ नोव्हेंबर २०२४ ला नव्या इमारतीचे लोकार्पण झाले. आता ते आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचे संग्रहालय आहे. उशिरा का होईना, लढा आत आला.

पण आपण कुठे आहोत? जंगल कायदा गोरा साहेब एकटा राबवत नव्हता. मालगुजार, पटवारी, मुन्शी, नाकेदार हेही होते, आणि त्यांत आपली मराठी माणसे होती. जंगल सत्याग्रहातही आपली माणसे होती, त्यांचे फोटो आपण हौसेने लावतो. पहिल्यांबद्दल मात्र घरात कोणी बोलत नाही.

म्हणून एक विनंती. कोणाच्या पेटीत मालगुजारीच्या वह्या, मोडीतले कागद, जुने दाखले असतील तर रद्दीत घालू नका. विसर्जनानंतरच्या रविवारी मंडळाच्या खोलीत आणा. मोडी वाचणारे एक काका यायला तयार आहेत. आजोबांचे नाव अडचणीच्या बाजूला निघाले, तरी आणा. आमच्या घरची वही आम्ही आणतो आहोत, आणि त्यात काय निघेल ते आम्हालाही ठाऊक नाही.