कुट्टी यंत्राबद्दल नोटीस आली, तर?



समजा, वडगाव निंबाळकरच्या एका बागायतदाराने कडबाकुट्टी यंत्रात सुधारणा करून घेतली. वाढं, मका आत सारताना हात ओढला जाऊ नये म्हणून रोलर उलटा फिरवणारा दांडा गावच्या वेल्डिंगवाल्याकडून बसवला. शेजाऱ्यांनीही बसवला. मग एके दिवशी नोटीस आली: ‘याचे पेटंट आमचे आहे. दांडा काढा, भरपाई द्या.’ आता काय? काढला तर हाताला धोका, ठेवला तर कोर्टकचेरी!

घाबरून जाऊ नका. एक जुना खटला ऐका. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला धातूची भांडी बनत. भांडे लाखेने चिकटवून लेथवर फिरवीत. ते निसटून कामगाराला इजा होई. एका कारखान्याने भांडे घट्ट धरणारी सोय केली आणि १९५१ साली तिचे पेटंट घेतले. दुसऱ्या कारखान्याने तशीच सोय वापरली, नि खटला उभा राहिला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी युक्ती लेथकामात आधीच माहीत होती. ही कारागिराची नेहमीची सुधारणा, शोध नव्हे. पेटंट टिकले नाही. म्हणजे, पेटंट मिळाले तरी ते पक्के झाले असे नाही. पण पेटंटपासून निकालापर्यंत २७ वर्षे गेली, हेही ध्यानात धरा.

म्हणून नोटीस आली तर असे करा:

१. पेटंटचा क्रमांक व तारीख मागा. मुदत अर्जापासून २० वर्षे असते. नूतनीकरणाची फी न भरल्यास ती आधीच संपते.

२. तशी रचना त्या तारखेच्या आधी वापरात होती का, ते शोधा. जुनी बिले, तारखेचे फोटो, छापील माहितीपत्रके जपून ठेवा.

३. वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. पेटंट मंजूर झाल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून १ वर्षात पेटंट कार्यालयात विरोध नोंदवता येतो. ते रद्द करण्याची मागणी उच्च न्यायालयातही करता येते.

दुसऱ्याचा शोध खरोखर नवा असेल, तर मात्र परवानगी घेऊनच वापरावा.

आणि तुमचीच युक्ती नवी असेल तर? आधी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज, मग प्रदर्शन आणि विक्री. आधी चारचौघांत मांडली, तर तिचा नवेपणा जाऊ शकतो.

वाद कोर्टात चालू द्या. यंत्रात हात मात्र घालू नका.