उसनी कातडी

स्टोव्हचा भडका उडून निम्मं अंग भाजलेली बाई वॉर्डात येते, तेव्हा घरचे आधी चेहऱ्याचं विचारतात. डॉक्टरांना काळजी असते ती उघड्या जखमेची. कातडी गेली की अंगातलं पाणी आणि प्रथिनं झिरपत राहतात, ऊब टिकत नाही, जंतूंना तर मोकळं रानच मिळतं. तिच्याच मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावणं हा खरा उपाय. पण निम्मं अंग जळालेलं असताना घ्यायची कुठून आणि किती? शिवाय जिथून घेतली, ती जागा भरून यायलाही साधारण दोन आठवडे जातात.

तोवर मृत दात्याची कातडी लावतात. ती कायमची टिकत नाही. शरीर परकी कातडी नाकारतं. का नाकारतं याचा शोध पीटर मेडावार यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या भाजलेल्यांवरच्या कामातून सुरू केला. १९६०चं नोबेल त्यांना मिळालं. मग गळूनच पडणार, तर लावायची कशाला? जखम झाकलेली राहते, ड्रेसिंगच्या वेळच्या किंकाळ्या कमी होतात आणि तोवर बाईची स्वतःची कातडी पुन्हा घेण्याजोगी होते. त्या दोन-तीन आठवड्यांत माणूस वाचतो.

ही कातडी टिकवतात ग्लिसरॉलमध्ये. नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात ही पद्धत रुळली. मुरांब्यात साखर जे करते, तेच इथे ग्लिसरॉल करतं: पाणी ओढून घेतं, जंतूंना वाढू देत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, सुमारे ४ अंशांवर, ती पाच वर्षांपर्यंत राहते. बाटलीतून काढलेली पट्टी पांढुरकी, ताठर असते. सलाइनमध्ये खळखळून धुतली की मऊ पडते. मग यंत्रातून फिरवून तिला बारीक चिरा पाडतात. ताणली की जाळी होते आणि खालचा स्राव साचून राहत नाही.

मुंबईत सायनच्या रुग्णालयात २०००पासून त्वचापेढी आहे. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. तरी कातडी कमीच पडते, कारण मनात भीती असते: देह सोलून निघेल, विद्रूप होईल. तसं होत नाही, हे मी कळकळीने सांगतो. मांड्या, पिंढऱ्या आणि पाठ एवढ्याच जागांवरून मिलिमीटरहूनही पातळ थर घेतात. रक्त वाहत नाही. पाऊण तासात पट्ट्या बांधून देह परत देतात. चेहऱ्याला हात लागत नाही. रक्तगट जुळावा लागत नाही आणि दाता ऐंशीचा असला तरी चालतो. एचआयव्ही, कावीळ बी-सी, त्वचेचा कर्करोग असल्यास मात्र घेत नाहीत.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते, म्हणून लगेच कळवावं लागतं. नेत्रदानासाठी फोन कराल, तेव्हा त्वचेचंही विचारा. आणि स्वतःच्या त्वचादानाचं घरच्यांना आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी फोन त्यांनाच करायचा असतो.