आजींचाही एक गट हवा

ताई, काकू, आजी, हातातलं काम चालू राहू द्या. भाजी निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

आज आम्ही खेळांबद्दल बोलणार आहोत, आणि तेही साठी ओलांडलेल्या बायकांच्या खेळांबद्दल. हसू नका हं. आम्हीही आधी हसलो होतो. मग एका आजींनी आमचे चांगले कान टोचले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ८ मार्चला महिला दिन म्हणून आम्ही कल्याण तालुक्यातल्या आमच्या गटांच्या स्पर्धा ठेवल्या होत्या. शाळेचं मैदान, छोटा मंडप, भाड्याने आणलेला माइक. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि शंभर मीटर धावणं. सुना आल्या, लेकी आल्या, कडेवरची पोरं दुसरीकडे सोपवून बायका पदर खोचून धावल्या. गटातल्या सात-आठ आजीही आल्या होत्या. त्यांना आम्ही मोठ्या मानाने पुढच्या खुर्च्यांवर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि त्यांच्या हातून बक्षिसं वाटली. आम्हाला वाटलं, केवढा मान दिला आपण!

निघताना त्यातल्या एक आजी थांबल्या. रोज भाजीची पाटी घेऊन टिटवाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या बाई. म्हणाल्या, "खुर्ची दिलीत, बरा केलात. पन धावशील का म्हनून मना कोनी इचारलाच नाय."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, आम्ही विचारलंच नव्हतं. ज्या बाईच्या डोक्यावर रोज ओझं असतं, तिला आम्ही मान देऊन बाजूला बसवलं होतं.

त्यानंतर आम्ही शोधायला लागलो, की म्हाताऱ्या बायकांच्या स्पर्धा कुठे होतात तरी का? आणि पहिलं नाव आपल्याच महाराष्ट्रातलं सापडलं.

लता भगवान करे हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. मूळच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या, पोटासाठी बारामती तालुक्यात आलेल्या शेतमजूर बाई. मुलींची लग्नं करून दिली, साठवलेलं सगळं त्यात गेलं. मग नवरा आजारी पडला. मोठी तपासणी करायला सांगितली आणि त्याला पैसे नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरची शर्यत होती आणि पहिल्या नंबराला पाच हजार रुपये होते. लताबाई साठीच्या पुढच्या. नऊवारी नेसलेल्या, पाय अनवाणी. बाकीचे बूट घालून आलेले. त्या धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्या आयुष्यावर 'लता भगवान करे' नावाचा सिनेमा आला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये त्यांच्या अभिनयाचा खास उल्लेख झाला.

ही गोष्ट सांगताना सगळे त्यांच्या धाडसाबद्दल बोलतात. धाडस होतंच. पण मैत्रिणींनो, आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. त्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांचा वेगळा वयोगट होता. तो नसता, तर लताबाई कुठे धावल्या असत्या? वीस वर्षांच्या पोरींबरोबर? मग त्यांचा नंबर लागला नसता, पाच हजारही मिळाले नसते. लोक म्हणाले असते, "हौस बघा म्हातारीची!" धाडस त्यांचं होतं, पण ते दाखवायला जागा कुणीतरी आधी करून ठेवली होती.

आता तुम्हाला जरा लांब घेऊन जातो. गोल्फ हा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. हिरवंगार मोठं मैदान, हातात लांब काठी आणि पांढरा छोटा चेंडू. आपल्या जवळ खारघरला सिडकोने केलेलं असं मैदान आहे, चेंबूरलाही आहे. मैदानात अठरा ठिकाणी छोटे खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्यात चेंडू घालायचा आणि ज्याला सगळे मिळून कमी फटके लागतील तो जिंकला. यात धावायचं नसतं, पण चालणं भरपूर असतं. हा श्रीमंतांचा खेळ. त्याला जमीनही खूप लागते आणि पाणीही. तुम्ही गोल्फ खेळा असं आम्ही म्हणत नाही. पण या खेळातली एक हकिकत आपल्या कामाची आहे.

अमेरिकेत बायकांची सगळ्यात मोठी गोल्फ स्पर्धा १९४६ साली सुरू झाली. पुरुष खेळाडू वयस्क झाले, तेव्हा त्यांच्यासाठी १९८० मध्ये वेगळी ज्येष्ठांची स्पर्धा सुरू झाली. आणि वयस्क बायकांसाठी? २०१८ मध्ये. म्हणजे अडतीस वर्षांनी! एवढ्या वर्षांत किती चांगल्या खेळाडू म्हाताऱ्या होऊन घरी बसल्या असतील. त्यांचा हात चालत होता, पण खेळायला तशी स्पर्धाच नव्हती.

२०१८ च्या जुलैमध्ये शिकागोजवळच्या मैदानावर पन्नाशीच्या पुढच्या बायकांची ही पहिली स्पर्धा झाली. स्पर्धेचा पहिला फटका मारायचा मान जोअ‍ॅन कार्नर यांना दिला होता. तरुणपणी, १९७१ आणि १९७६ मध्ये, त्यांनी बायकांची मोठी स्पर्धा दोनदा जिंकली होती. त्या दिवशी त्यांचं वय होतं ७९. आणि नीट ऐका, त्या फटका मारून खुर्चीवर जाऊन बसल्या नाहीत. त्या स्पर्धक म्हणून खेळल्या. जिंकल्या लॉरा डेव्हिस, वय ५४. दहा फटक्यांच्या फरकाने. बक्षिसांची एकूण रक्कम होती दहा लाख डॉलर.

कुठे दहा लाख डॉलर आणि कुठे बारामतीचे पाच हजार रुपये. पण दोन्हीकडे गोष्ट एकच. वय झालं म्हणून अंगातला खेळ संपत नाही. स्पर्धा घेणारेच यादीतून नाव काढून टाकतात.

आपल्या देशातलं आणखी एक उदाहरण सांगतो. पंजाबच्या मान कौर. त्यांनी धावायला सुरुवात केली वयाच्या ९३ व्या वर्षी. २०१७ मध्ये न्यूझीलंडला ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत त्या शंभर मीटर धावल्या, तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या वयोगटात त्या एकट्याच होत्या. तरी गट ठेवला गेला, शर्यत झाली आणि सुवर्णपदक दिलं गेलं. एकटी बाई आली तरी तिचा गट रद्द झाला नाही.

आणि अगदी शेजारचं बघायचं तर आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं, मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव. तिथे २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी त्यात पुढाकार घेतला. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठ ते नव्वद वर्षांच्या आजी शाळेत जायला लागल्या. त्यांना पोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसवलं असतं, तर त्या आल्या असत्या का? त्यांच्यासाठी त्यांचा वर्ग काढला, म्हणून आल्या.

हे सगळं कळल्यावर आम्ही गेल्या वर्षी ठरवलं, की या वेळी आजींची शर्यत घ्यायची. धावण्याची नाही, भरभर चालण्याची. मारुतीच्या देवळापासून शाळेपर्यंत, साधारण एक किलोमीटर.

ठरवणं सोपं होतं. पण बैठकीत विषय काढला आणि वाद सुरू झाला. एक ताई म्हणाल्या, "सासूबाई पडल्या-बिडल्या तर घरी तोंड कोणाला दाखवू?" एका घरून निरोप आला, की आमच्या आईला गावभर पळवून हसं करू नका. या सगळ्या शंका काही खोट्या नव्हत्या. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं ठिसूळ होत जातात. पडल्यावर खुबा मोडला तर माणूस अंथरुणाला खिळतं. म्हणून आम्ही घाई केली नाही. दोन महिने आधीपासून आजींना रोज संध्याकाळी अर्धा तास चालायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की वयस्क माणसांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. आशाताईंनी सगळ्यांना आरोग्य उपकेंद्रात नेऊन रक्तदाब आणि साखर तपासून घेतली. तेव्हा दोघींचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. त्यांना औषध सुरू झालं. त्यातल्या एकींना डॉक्टरांनी शर्यतीला नाही म्हटलं आणि आम्हीही ते ऐकलं. त्या रुसल्या. पण शर्यत झाली नसती, तर त्यांचा रक्तदाब कधी कळला असता?

मग बक्षिसांचा प्रश्न आला. आमचं म्हणणं, सगळ्या आजींना एकेक स्टीलचा डबा देऊ, उगाच कोणी नाराज नको. त्यावर त्याच भाजीवाल्या आजी म्हणाल्या, "सगल्यांना सारखाच देनार, तर शर्यत कशाला? डबं घरी आनून द्या ना." पुन्हा आमचेच कान टोचले गेले. मग नंबर काढायचं ठरलं. पहिला, दुसरा आणि तिसरा. साठ ते सत्तर एक गट आणि सत्तरच्या पुढे दुसरा.

८ मार्चला सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, अकरा आजी देवळापाशी उभ्या राहिल्या. कोणी चपला काढून ठेवल्या, कोणी नातवाचे बूट घातले होते. वाटेत दोन ठिकाणी पाणी ठेवलं होतं, आशाताई सोबत होत्या. शिट्टी वाजली आणि काय सांगू, पोरंसोरं, सुना, मुलगे सगळे रस्त्याच्या कडेने ओरडत निघाले. हसं होईल म्हणून निरोप पाठवणारा मुलगाच आईच्या पुढे पुढे पळत "आये, चल, चल" करत होता.

भाजीवाल्या आजी पहिल्या आल्या नाहीत. त्या चौथ्या आल्या. बक्षीस हुकलं. आम्हाला वाईट वाटलं. त्या मात्र घाम पुसत तिसऱ्या आलेल्या आजींना म्हणाल्या, "पुढल्या साली बगते तुला." हे बोलतानाचा त्यांचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. जिला पुढच्या वर्षी कोणाला तरी हरवायचं आहे, ती बाई म्हातारी कशी म्हणायची?

गोष्ट इथे संपली असती, तर आम्ही आज बोलायला आलोही नसतो. शर्यतीनंतरच्या बैठकीत एका आजींनी विचारलं, "चालायला आमचा गट केलात. मग कर्जाला का नाय?" आम्ही गप्प झालो. आमच्या काही गटांत रीतच पडली होती, की साठी ओलांडलेल्या सभासदाला अंतर्गत कर्ज हवं असेल तर मुलाची सही आणायची. कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. आमच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब एवढंच आहे, वय नाही. वर्षानुवर्षं न चुकता बचत भरणाऱ्या बाईला तिच्याच पैशातून चार हजार घ्यायला मुलाची सही लागत होती. आणि ही रीत आम्ही चालू दिली होती. बँकेच्या कर्जाच्या आणि विम्याच्या अटी वेगळ्या असतात, त्या तिथे विचाराव्या लागतात. पण गटाचा पैसा गटाचा. त्या बैठकीत ठराव झाला, सही बंद. परतफेडीची नोंद बघायची, जन्मतारीख नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आमची एक विनंती आहे. येत्या बैठकीत तुमच्या गटातल्या साठीपुढच्या सभासदांची नावं वाचा. त्यांना गेल्या वर्षभरात कोणत्या कामात विचारलं, कोणत्या कामात नुसतं खुर्चीवर बसवलं, ते मोजा. महिला दिनाला त्यांचा वेगळा वयोगट ठेवा. आधी तपासणी करा, दोन महिने चालण्याची सवय करा, सकाळची वेळ ठेवा आणि नंबर काढा. फक्त दोघीच आल्या तरी शर्यत घ्या. आणखी हौस असेल, तर ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्येही ज्येष्ठांची धाव असते. मुंबईच्या त्या रविवारी धावणाऱ्यांसाठी कल्याणहून अगदी पहाटे खास लोकलही सोडतात. आमच्या दोन आजींनी आत्ताच विचारून ठेवलं आहे, की नाव कधी द्यायचं.

शब्द एकच आहे बघा. बचतीचाही गट आणि वयाचाही गट. बचतीचा गट करायला आपण शिकलो. आता वयाचा गट करून आपल्या आजींना त्यात खेळायला बोलावू या.

भाजीवाल्या आजींचा सराव सुरू आहे. रोज संध्याकाळी देवळापासून शाळेपर्यंत. तिसऱ्या आलेल्या आजीही चालतात, पण सकाळी, म्हणजे दोघींना एकमेकींचा वेग कळू नये.