खाली गेलेली टीम

कसबा बावड्यातनं बोलतोय, मागं म्हैस ओरडली तर समजून घ्या.

आज मुंबई एफसीबद्दल. खालिद जमील 2009 पासून सात वर्षं त्यांचे कोच. आय-लीगचा कप कधी आला नाही, पण टीम खाली जाऊ दिली नाही. 2016 ला साथ सुटली. जमील आयझॉलला गेले आणि 2017 ला थेट लीग जिंकली. त्याच सीझनला मुंबई दहा संघांत शेवटची! रेलिगेट. मग क्लबच बंद.

जर्मनीचं हॅम्बुर्ग 2018 ला पहिल्यांदा बुंडेसलीगातनं खाली आलं, तेही शेवटची मॅच जिंकून. सात सीझन खाली काढले, पण पब्लिक सोडून गेलं नाही. 2025 ला परत वर.

आपल्याकडं पाटाकडील हरली तर पोरं शाहू स्टेडियमवरनं तोंड पाडून घरी जातात, पुढच्या मॅचला परत गॅलरीत. तालमीला मालक नसतो ओ, पेठ असते. मालकाला कंटाळा येतो, पेठ जाणार कुठं?

माझा एक दोस्त नोकरीला मुंबईत होता, कूपरेजला मॅच बघायचा. आता इकडंच असतो. मॅचला येताना अजून मुंबई एफसीची जर्सी घालतो. कोण चिडवत नाही त्याला.