पुरणपोळीचे पार्सल

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मीही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. बंगळूरच्या मराठी व्यासपीठावरून बोलणाऱ्याने शहाजीराजांपासून आरंभ करावा असा अलिखित दंडक आहे. १६३८ साली हे ठाणे विजापूरकरांच्या हाती आले आणि पुढे राजांना येथील जहागीर मिळाली, हे आपणा सर्वांस मुखोद्गत आहेच. तेव्हा तो प्रांत मी अभ्यासकांवर सोपवितो. मी बी. ए. पर्यंत शिकलेला, केंद्र सरकारच्या चाकरीत गावोगावच्या बदल्या झेललेला मनुष्य. मी बोलणार आहे ते स्वयंपाकघराविषयी, आणि तेही ज्या स्वयंपाकघरात मी आजवर केवळ पाहुण्यासारखा वावरलो, त्याविषयी.

२०२४ साली ११ ऑक्टोबरला शुक्रवारी आयुधपूजेची सुट्टी आली, शनिवारी दसरा, आणि पाठोपाठ रविवार. सरकारी नोकराला असा त्रिवेणी संगम क्वचितच लाभतो. आम्ही राहतो हेब्बाळला. एरवी तेथील उड्डाणपुलाखाली ताटकळणारी बस नि रिक्षा त्या दिवशी केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा लेवून उभी असतात. कडलेपुरी, म्हणजे आपले चुरमुरे-फुटाणे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर पडतात. चौकाचौकांत कुंकू भरलेले कोहळे फुटतात, आणि त्यावरून घसरू नये म्हणून दुचाकीस्वारांना देवीचे नाव घेतच वळावे लागते.

आमच्याकडे नवरात्र उठते ते दसऱ्याला, पुरणाच्या नैवेद्याने. नागपूर, दिल्ली, हैदराबाद, जेथे जेथे बदली झाली तेथे तेथे सामानात प्रथम बांधले जाई ते जुन्या धोतरात गुंडाळलेले पितळी पुरणयंत्र. घर बदलले, शेजार बदलला, मुलांच्या शाळा बदलल्या. पण दसऱ्याची पोळी बदलली नाही, असे मी अभिमानाने सांगत असे. सांगणारा मी होतो. लाटणारी माझी आई होती.

आईचे वय त्र्याऐंशी. आदल्या वर्षी तिचे मनगट मोडले होते. ते सांधले, पण त्यात जोर राहिला नाही. आमच्या सौभाग्यवती बँकेत आहेत. पुरण शिजवून, कट गाळून, गुळात आटवून, गरम असतानाच वाटून पंधरावीस पोळ्या करायच्या, म्हणजे पहाटेपासून दुपारपर्यंत उभे राहणे आले. गुरुवारी रात्री आमची कन्या सहज म्हणाली, "बाबा, यंदा पोळ्या बाहेरून आणू या. होळिगेचं दुकान जवळच आहे. पार्सल मिळतं."

घरात शांतता पसरली. आईने वातीचे कापूस चिमटीत तसेच धरून ठेवले. मी तात्काळ म्हणालो, "कुळाचार म्हणून काही असतो." त्यावर कन्येने विचारले, "तुम्ही लाटणार आहात का?" या प्रश्नावर उत्तर देण्यास मी कोणत्याही नियमावलीनुसार सक्षम नव्हतो.

कन्येचा युक्तिवाद येथे थोडक्यात मांडतो, कारण तो विचार करण्याजोगा होता. रवा इडली हा बंगळूरचा मानबिंदू. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तांदूळ मिळेना म्हणून एम. टी. आर. च्या मंडळींनी काढली, असे सांगतात. अडचणीतून काढलेली वाट पुढे परंपरा होऊन बसली. मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरचे अन्न बाहेर पोचवितात, ते आपल्याला कौतुकाचे वाटते. मग बाहेरचे अन्न घरी आले तर कमीपणा कसला? मी म्हणालो, "त्या डब्यातले अन्नही कुणीतरी पहाटे उठून रांधलेलेच असते." आणि बोलून गेल्यावर माझ्या ध्यानात आले की हे वाक्य माझ्या बाजूचे नव्हे.

निकाल अखेर आईने दिला. म्हणाली, "देवीला वाटीभर पुरण पुरतं. डझनांनी लागतं ते तुम्हांला. वाटीभर मी कुकरात शिजवीन. बाकीचं आणा."

शनिवारी सकाळी मी आणि कन्या रांगेत उभे राहिलो. रांगेत बहुतेक माझ्याच वयाचे पुरुष, हातात पिशव्या, चेहऱ्यावर किंचित अपराधी भाव. पुढे मोठा तवा. हळद घातलेली मैद्याची कणीक तेलात मुरून रबरासारखी लवचिक झालेली. कारागीर तिच्यात पुरणाचा मोठा गोळा भरी आणि लाटणे न घेता, तेल लावलेल्या पानावर तळहाताने थापून हां हां म्हणता पसरी. बंगळूर-म्हैसूरकडे तिला ओब्बट्टु असेही म्हणतात, आणि पुरणात हरभऱ्याऐवजी तुरीची डाळ असते. खोबऱ्याची ‘काई होळिगे’ वेगळी. आम्ही दोन्ही घेतल्या. हा पदार्थ आपला की त्यांचा, या वादात मी पडत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त पुरण भरलेल्या पोळीसारखे पक्वान्न आहे, आणि ते कल्याण आज कर्नाटकात असले तरी त्याच्या राज्यात आपलाही पुष्कळ मुलूख होता. वर जे वाढायचे ते आपले ‘तूप’ आणि त्यांचे ‘तुप्प’. यापुढे भांडण न्यावयाचे कोठे?

घरी नैवेद्य झाला. देवीपुढे आईची वाटी, आमच्या पानांत पार्सल. पहिला घास घेण्यापूर्वीच आईने विचारले, "आणि कटाची आमटी?"

कोणालाच सुचले नव्हते. पोळी विकत आणली की कट दुकानातच राहतो. वाटीभर पुरणाचा कट तो कितीसा निघणार? तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या अज्जींची सून गोंबेच्या, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीपुढचा प्रसाद घेऊन आली. आमची अडचण ऐकून ती वर गेली आणि पातेलेभर ओब्बट्टु-सारु घेऊन उतरली. तो तुरीच्या डाळीच्या कटाचाच केलेला. आईने भुरका मारला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "गोडा मसाला नाही. पण कट आहे." त्या सुनेला मराठी येत नव्हते; परंतु अभिप्राय अनुकूल आहे हे तिला उमगले.

मग मी एक पराक्रम केला. पोळ्या निवल्या होत्या, त्या तव्यावर गरम करावयास मी उठलो. पहिली करपली. दुसरी उलटताना मोडली. तिसरी बरी निघाली, ती आईच्या पानात वाढून वर तूप सोडले. आईने ती खाल्ली, सावकाश, एकही शब्द न बोलता. नंतर म्हणाली, "लग्न होऊन आले त्याला साठ वर्षं झाली. दसऱ्याला तव्यावरची पोळी मी आज पहिल्यांदा खाल्ली."

मी हिशेब करू लागलो. वाढणारी शेवटी बसते. ती बसे तेव्हा तवा उतरलेला असे आणि उरलेली, बहुधा फाटलेली पोळी तिच्या वाट्यास येई. हे माझ्या डोळ्यांदेखत इतकी वर्षे घडत होते आणि मी आग्रहाने चौथी पोळी मागत होतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरी याहून वेगळे घडले, हे येथे बसलेल्या भगिनीच सांगू शकतील. मी त्यांच्याकडे पाहत नाही.

होळिगेविषयी आईचे मत विशेष चांगले झाले, असे मात्र समजू नये. मैद्याची पोळी तिला वातड लागली, जायफळ नव्हते, आणि खोबऱ्याची म्हणजे करंजीचे सारण थापून ठेवल्यासारखी, असा शेरा पडला. रविवारी उरलेल्या दोन पोळ्या तिने दुधात कुस्करून खाल्ल्या आणि मला हाक मारली. ओट्यावर पुरणयंत्र काढून ठेवले होते, शेजारी भिजवलेली हरभऱ्याची डाळ.

"कुकर लाव," ती म्हणाली. "डाळीच्या वर चार बोटं पाणी. कट जास्त निघाला पाहिजे. वर पातेलं परत द्यायचंय, ते रिकामं द्यायचं नाही."