अजिंठ्याची डोली



चालकांनी आम्हांस प्रवासावर बोलावयास सांगितले, हा आमच्यावर थोडा अन्यायच झाला. हमालांचे माप-तोल आणि मजुरी याशिवाय दुसऱ्या विषयावर बोलण्याची आम्हांस सवय नाही. शिवाय आमचा प्रवास तो केवढा? पहूरहून अजिंठा! एस.टी.ने तासही लागत नाही.

आमच्या गावावरून वाहणारी वाघूर वर डोंगरात नालासारखे वळण घेते. त्या वळणाच्या कड्यात ही लेणी आहेत. एके काळी दूरदेशीचे प्रवासी पाचोरा-जामनेर छोट्या गाडीने येऊन पहूरला उतरत. ती गाडी 2020 मध्ये थांबली. परंतु ती धावत होती तेव्हाही आम्ही उभयता कधी लेण्यांत गेलो नव्हतो. दुसऱ्यांना हक्काची रजा मिळावी म्हणून आयुष्यभर भांडलो आणि घरच्या माणसाला तीस वर्षांत एक दिवस दिला नाही. गेल्या हिवाळ्यात मंडळींनी तोंडी नोटीस दिली. मागणी रास्त होती; तडजोडीला जागा नव्हती. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून मंगळवार-बुधवार असे दोन दिवस ठरले. मुक्काम फर्दापूरला.

पायऱ्यांपाशी पोहोचताच आमची खरी परीक्षा झाली. मंडळींचे गुडघे दुखतात. तेथे डोलीवाले उभे होते. खुर्चीला दोन दांडे आणि दांड्यांना चार खांदे. आम्ही म्हटले, “माणसाने माणसाला उचलायचे नाही. शंभर किलोचे पोते पन्नासावर यावे म्हणून आम्ही घसा कोरडा केला आहे.” त्यांतला वयस्क गडी शांतपणे म्हणाला, “काका, तुमचं खरं आहे. पण मावशी बसल्या नाहीत तर आज आमच्या घरी काय न्यायचं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. मंडळी म्हणाल्या, “अहो, तत्त्व तुमचं, अन् उपाशी राहायचं यांनी?” आणि त्या डोलीत बसल्या. सांगितलेली मजुरी घासाघीस न करता दिली, हे सांगावयास नको.

मग आम्ही लेणी पाहिली. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीविषयी जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही भिंतीचा गिलावा पाहत होतो. चिखलमातीत भुसा व वनस्पतींचे तंतू कालवून थर दिला, वर पातळ चुन्याचा हात फिरवला आणि मग चित्र काढले. चोविसावे लेणे अर्धवट राहिले आहे. आमच्या मते ते आधी पाहावे, कारण तेथे काम दिसते. खांब पुरते सुटलेले नाहीत, छिन्नीचे घाव तसेच आहेत. कोणीतरी एके संध्याकाळी हत्यार खाली ठेवले, ते पुन्हा उचललेच नाही.

सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. सव्विसाव्यात बुद्धभद्र या भिक्षूचे. घाव घालणाऱ्याचे नाव त्यांत नाही. 1819 साली आलेल्या जॉन स्मिथ या गोऱ्या अधिकाऱ्याने मात्र दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव खरडून ठेवले! ज्याने एक छिन्नी मारली नाही त्याचे नाव राहिले.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. तेथे थायलंडच्या उत्तरेकडील चियांग माई या शहराचे एक जोडपे हात जोडून बसले होते. 1296 मध्ये वसलेले हे जुने देवळांचे शहर. त्यांच्या वाटाड्याच्या मदतीने बोलणे झाले. शहरालगत दोई सुथेप डोंगरावर मोठे मंदिर आहे. शेवटी तीनशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. पूर्वी पायथ्यापासून पायवाटच होती. 1934-35 मध्ये ख्रुबा श्रीविचय या भिक्षूने हाक दिली आणि गावोगावचे लोक आपली फावडी-कुदळी घेऊन आले. काही महिन्यांत डोंगरावर रस्ता झाला. मंडळींनी विचारले, “त्या लोकांची नावं कुठं लिहिली आहेत का?” पाहुणी बाई हसली आणि तिने मान हलवली. तिकडेही भिक्षूचे नाव राहिले.

परतताना मंडळींनी डोलीवाल्या चौघांसमवेत भाकरी खाल्ली. एकेकाला नाव विचारले, घर विचारले, पावसाळ्यात काम किती असते ते विचारले. तीस वर्षे संघटनेचे काम करून आम्ही पहिल्या भेटीत भाव विचारतो. त्यांनी नाव विचारले. ते लोक मोकळे झाले आणि जे आम्हांला सांगितले नसते ते त्यांना सांगितले.

डोली चांगली, असे आम्ही आजही म्हणत नाही. परंतु दुसरे काम हाताशी दिल्यावाचून ती बंद करा म्हणणे हे पोटभरल्याचे तत्त्वज्ञान आहे, एवढे त्या पायऱ्यांवर कळले. आता उन्हाळ्याची सुट्टी येत आहे. आपल्यापैकी कोणी अजिंठ्यास जाल तर पद्मपाणी अवश्य पाहा, चोविसावे लेणेही पाहा, आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवाल त्याला त्याचे नाव विचारा.